पंचमात सापडलेला षड्ज

चवथ, म्हणजे आमची गणेशचतुर्थी, तीन आठवड्यांवर आली होती. पाऊस आडवा-तिडवा कोसळत होता, त्यामुळे असेंब्ली मैदानाऐवजी खालच्या लांब व्हरांड्यात. गोव्यात फोंडा तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये मी संगीत शिकवतो. रोज सकाळी पेटीवर मी, समोर माइकपाशी दोन मुली आणि नववीतला एक मुलगा, आणि मागे सगळी शाळा. प्रार्थना भूप रागात, चाल मीच लावलेली. सूर पांढरी सहा, म्हणजे पेटीची सहावी पांढरी पट्टी. बारा वर्षं तोच सूर.

त्या मुलाचा आवाज म्हणजे आमच्या शाळेचं भूषण. पाचवीपासून तो माइकवर. अंतऱ्यात तार षड्जावर, म्हणजे वरच्या सावर, जाऊन तो असा ठरायचा की शिपाईसुद्धा घंटेपाशी हात धरून उभा राहायचा. त्या दिवशी अंतरा आला, तो वर गेला आणि आवाज मधोमध चिरकला. आधी घोगरा, मग एकदम बारीक, मग नुसती हवा. मागून हसू फुटलं. त्याने पुन्हा उचलायचा प्रयत्न केला, पुन्हा तेच. मुलींनी कशीबशी ओळ पुरी केली. प्रार्थना संपायच्या आत तो व्हरांड्यातून निघून गेला होता.

शिक्षक खोलीत लगेच चर्चा सुरू झाली. कोणी म्हणालं आइस्क्रीम खाल्लं असेल, कोणी म्हणालं भजन स्पर्धा तोंडावर आली आहे, ज्येष्ठमध द्या, हळदीचं दूध द्या. मी काहीच बोललो नाही. मला माहीत होतं हे काय आहे, कारण माझ्याही बाबतीत हे झालं होतं. मी चौदा वर्षांचा असताना आमच्या तेव्हाच्या शिक्षकांनी माझ्या हातात टाळ दिले आणि म्हणाले, ‘तुझा आवाज गेला, आता टाळ धर.’ पुढची तीन वर्षं मी गायलोच नाही. घरी मोरीत पाणी तापवतानासुद्धा नाही.

तो मला संगीताच्या खोलीमागच्या अडगळीत सापडला. तिथे आम्ही घुमटं ठेवतो. मातीचं मडकं, दोन्ही तोंडं उघडी, मोठ्या तोंडावर कातडं ताणून बसवलेलं. पूर्वी ते घोरपडीचं असायचं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आता बकऱ्याचं लावतात. २०१९ साली सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान दिला, पण पावसाळ्यात कातडं सैल पडतं ते पडतंच. तो एक घुमट मांडीवर घेऊन बसला होता. उजव्या हाताने थाप देत होता, डाव्या तळव्याने मागचं लहान तोंड झाकत-उघडत होता. आवाज ओला, बसका येत होता.

मला बघून थांबला. म्हणाला, ‘सर, म्हजो ताळो गेलो.’ ताळो म्हणजे आवाज.

मी खाली बसलो. थोड्या वेळाने तो आणखी एक वाक्य बोलला, आणि खरं दुखणं तिथे होतं. ‘चवथीक आरत कोण म्हणटलो?’ त्यांच्या घरी आजोबांपासूनची घुमट आरती. गेली चार वर्षं पहिली ओळ उचलायचा मान याचा. स्पर्धा, शाळा, टाळ्या हे सगळं त्याच्या दृष्टीने त्यानंतर.

मी त्याला सांगितलं, ‘पुता, ताळो गेलेला नाही. गळ्यातली पेटी मोठी होते आहे. तुझा कंठमणी बघ, मागच्या वर्षी दिसत नव्हता. आतल्या स्वररज्जू लांब होतात, जाड होतात, म्हणून सूर खाली उतरतो. तंबोऱ्याची तार लांब आणि जाड केली तर काय होतं?’ त्याने मान हलवली. तंबोऱ्याचं उदाहरण त्याला पटलं, पण चेहरा काही उजळला नाही. समजणं वेगळं आणि गाता येणं वेगळं.

त्याला खोलीत नेलं. इलेक्ट्रॉनिक तानपुरा सुरू केला, सकाळचाच सूर, पांढरी सहा, पहिली तार पंचमाची. म्हटलं, गाऊ नकोस, तोंड मिटून नुसता गुणगुण, जिथे सोपं वाटेल तिथे. मी त्याला कोणताही स्वर दिला नाही. हे मी मुद्दाम केलं, कारण स्वर दिला की पोरं तो पकडायला धावतात आणि गळा आवळतात.

दोन-तीन वेळा तो इकडेतिकडे सरकला. मग एका जागी थांबला आणि तिथेच राहिला. डोळे मिटले. खांदे खाली आले. तानपुऱ्याची पहिली तार आणि त्याचा आवाज एकात एक मिसळले, वेगळे काढता येईनात.

तो मंद्र पंचमावर, खालच्या प वर, उभा होता. पेटीवर पांढरी तीन.

मी म्हटलं, ‘हाच तुझा सा.’ त्याने डोळे उघडले. ‘पण सर, हा तर पंचम.’ मी म्हटलं, मुलींचा पंचम, तुझा षड्ज. तानपुरा बदलायचीसुद्धा गरज नाही. तुझ्या षड्जाला त्यांचा षड्ज मध्यम, म्हणजे म, लागतो. भूपात मध्यम नाही, तो नुसता मागे वाजत राहील. घे.

त्याने सा रे ग घेतला. आवाज नवीन होता, खरखरीत, नव्या लाकडासारखा. प ध गेला. वरचा सा अजून लागत नव्हता, तिथे हवाच येत होती. मी त्याला थांबवलं. पुढचे काही महिने, कदाचित दीड-दोन वर्षंही, वर ओढायचं नाही. खोटा बारीक आवाज काढायचा नाही. सकाळी हळू ओंकार, खालच्या सुरात, दहा मिनिटं. दुखलं की बंद.

तिसऱ्या तासाला नववीचाच वर्ग होता. पस्तीस मिनिटांचा तास, आठवड्यातून एकदा, गुणपत्रिकेत त्याला फारसं वजन नाही. मी पुस्तकातला धडा बाजूला ठेवला आणि प्रत्येक मुलाला त्याच तानपुऱ्यावर गुणगुणायला लावलं. आधी हसले, लाजले, मग एकेक करून येत गेले. मी वहीत लिहीत गेलो. कोणी पांढरी तीनवर, कोणी काळी दोनवर, एक तर थेट काळी एकवर उतरलेला. सकाळच्या प्रार्थनेच्या सुरात आरामात गाऊ शकतील असे फक्त तीन मुलगे निघाले.

ती वही बघून माझ्या पोटात खड्डा पडला. बारा वर्षं मी नववी-दहावीच्या मुलांना असेंब्लीत ओरडत आलो होतो, ‘नुसते ओठ हलवू नका, गा.’ खोडकर आहेत, संगीताची आवड नाही, असंच मी धरून चाललो होतो. त्यांना गाता येईल असा सूर मी त्यांना कधी दिलाच नव्हता. टाळ हातात न देता मी त्या सगळ्यांना टाळ धरायला लावले होते. हे मी त्या दिवशी वर्गात मोठ्याने बोललो. वर्ग एकदम गप्प झाला.

मग एका मुलीने विचारलं, मुलींचा फुटत नाही का? मी सांगितलं, फुटत नाही, पण बदलतो. दोन-तीन स्वरांनी खाली येतो, भरतो. मोबाइलवर गायिका केसरबाई केरकरांची भैरवी लावली. व्हॉयेजर यान १९७७ साली ही साडेतीन मिनिटांची भैरवी घेऊन अवकाशात गेलं, हे आमच्या भागातल्या प्रत्येक मुलाला पाठ असतं, त्यांचं गाव केरी तर हाकेच्या अंतरावर. पण त्या वर्गात एकानेही ती ऐकलेली नव्हती. मुली कान देऊन ऐकत होत्या. त्यांना बाईंचा आवाज म्हणजे बारीक असं शिकवलं गेलं आहे. हा आवाज तसा नाही. तो भरलेला आहे, आकार उघडा आहे, कुठे नाजूक व्हायचा प्रयत्नच नाही.

मुलांना मी दीनानाथ मंगेशकरांची गोष्ट सांगितली. १९०० साली मंगेशीत जन्म, पोरवयातच किर्लोस्कर नाटक मंडळीत, आणि १९१८ साली स्वतःची बळवंत संगीत मंडळी. म्हणजे चौदा ते अठरा ही सगळी वर्षं रंगभूमीवर आणि गाण्यातच. मागच्या बाकावरून प्रश्न आला, ‘म्हणजे दीनानाथांचोय ताळो फुटिल्लो?’ मी म्हटलं, माणूस होते ते, फुटलाच असणार. तो सकाळचा मुलगा पहिल्यांदा हसला.

मुख्याध्यापिका बाईंना पटवायला मात्र दोन दिवस लागले. त्यांची अडचण खरी होती, स्पर्धा होती आणि भजनाचा मुख्य गायक बदलणं सोपं नव्हतं. मी वही दाखवली. शेवटी ठरलं की स्पर्धेत मुली पुढे गातील, तो मागे घुमटावर बसेल आणि धृपदात खालून साथ देईल. प्रार्थनेतही फरक केला. एक ओळ मुलींनी पांढरी सहावर, पुढची मुलांनी पांढरी तीनवर, पाठीमागे एकच तानपुरा. पंडित जसराज यांनी स्त्री-पुरुष जुगलबंदीसाठी जी जसरंगी रचली, तिच्यातही दोन्ही आवाज आपापल्या षड्जावर राहतात. आमचं तिच्यापुढे अगदीच साधं. पहिल्या दिवशी मुलांची ओळ आली तेव्हा मागच्या रांगांतून जो आवाज उठला तो बेसूर होता, जाडाभरडा होता, दोघे-तिघे चक्क चुकीच्या सुरात होते. पण आवाज होता. बारा वर्षांत तो मी ऐकला नव्हता. माझा हात पेटीवर क्षणभर थांबला आणि पुढची ओळ मुलींनी पेटीशिवायच घेतली.

चवथीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली त्या दिवशी तो असेंब्लीच्या आधीच आला. पेटीचं आवरण काढायला त्याने हात लावला.

‘सर, आरत हांवेंच उखल्ली.’

‘कुठल्या सुरात?’

‘पांढरी तीन. पयलीं कोणाक कळ्ळेंच ना. मागीर सगळे सकयल आयले.’ आधी कोणाला कळलंच नाही, मग सगळे त्याच्या सुरात खाली उतरले.

मी तानपुऱ्याची कळ दाबली. व्हरांड्यात मुलं रांगेत उभी राहायला लागली होती.