तुम्ही विचारलंत म्हणून: नव्या विंडोजवर एवढी कुरकुर कशाला?

दुकानात येणारा दर दुसरा माणूस विचारतो, आणि भाचा तर दर रविवारी, की काय मामा, नवीन विंडोज इतकं मस्त दिसतंय आणि तुमची आपली कुरकुर चालूच. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

इंदूरला रामबागेत माझं डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईचा मजकूर मांडायचं काम आहे, लग्नपत्रिका, मुंजीची कार्डं, एका बाजूला मराठी आणि मागे हिंदी. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणून सीपीयू नवा घेतला, मॉनिटर मात्र तोच जुना, १३६६ बाय ७६८ पिक्सेलचा. म्हणजे आडवा ऐसपैस, उभा तोकडा, आणि पत्रिका असते उभी! म्हणून टास्कबार, म्हणजे स्टार्ट बटण आणि उघडे प्रोग्राम दाखवणारी पट्टी, मी कायम डावीकडे उभा ठेवायचो, तिथली जागा तशीही रिकामीच पडलेली असते. विंडोज ९५ पासून ही पट्टी वर, खाली, डावीकडे, उजवीकडे कुठेही ओढून नेता यायची. २०२१ ला विंडोज ११ आलं ते पट्टी खालीच खिळवून, शिवाय तिची जाडी ४० पिक्सेलची ४८ केली आणि छोटी पट्टी करायचा पर्यायही काढला. ७६८ मधले ४८ गेले की पत्रिकेतली ‘आपले नम्र’ची ओळ बरोब्बर पट्टीखाली जाते, मग करत बसा स्क्रोल.

भाचा म्हणतो सवय होईल. होईल ना, पण सवयीचा प्रश्नच नाहीये, कामाचा आहे. एकाच प्रोग्रामच्या सगळ्या खिडक्या एका आयकॉनमध्ये कोंबायच्या की नावासकट वेगवेगळ्या दाखवायच्या, हे पूर्वी आपण ठरवायचो, ११ मध्ये तेही गेलं, ओरड झाल्यावर २०२३ मध्ये परत दिलं. माझ्याकडे सीझनला आठ-आठ पत्रिका उघड्या असतात, नावं दिसली नाहीत तर एका घरच्या मुंजीचा मुहूर्त दुसऱ्याच्या लग्नात जायचा. (एकदा गेलाय. चूक माझीच, आणि तेव्हा विंडोज एक्सपी होतं, त्यामुळे बोलायला तोंड नाही.)

राइट क्लिकचंही तसंच, नेहमीचे पर्याय ‘शो मोर ऑप्शन्स’च्या मागे लपवलेत. शिफ्ट दाबून राइट क्लिक केलं तर जुना मेनू थेट येतो, हे मात्र लक्षात ठेवा, उपयोगी आहे. बाहेरची टूल्स टाकून पट्टी हलवणारेही आहेत, पण अपडेट आलं की ती गंडतात आणि सीझनमध्ये कोण रिस्क घेणार भिया.

दिसायला छान आहे, नाही कोण म्हणतंय, गोल कोपरे वगैरे. पण काल एक काकू आल्या, त्यांनी गणपती आधी मधे, मग डावीकडे, मग कुलस्वामिनीच्या नावाच्या वर आणि शेवटी पुन्हा मधे घ्यायला लावला. घेतला. पत्रिका त्यांची आहे.