पत्ते टाकायला शिकलो तिथून पोकर कळायला लागलं

गेले तीन-चार महिने मी टेक्सस होल्डेम, म्हणजे पोकरचा एक प्रकार, शिकतोय. मावसभाऊ, म्हणजे आमचा दादा, शिकवतो. पैसे लावत नाही, नुसत्या चिप्स, प्रत्येकाला ५०० आणि त्या संपल्या की त्या दिवसापुरता तो बाहेर. हा नियम मला फार आवडतो, कारण चिप्स परत मिळणार असतील तर कुणीच विचार करून खेळत नाही.

खेळ तसा सोपा आहे. प्रत्येकाला दोन पत्ते बंद, मग मधे तीन उघडे म्हणजे फ्लॉप, मग एक टर्न, शेवटचा रिव्हर, आणि या सातांतून पाच पत्त्यांचा सगळ्यात भारी हात लावायचा. पत्ते वाटायच्या आधी दोघांनी स्मॉल ब्लाइंड आणि बिग ब्लाइंड (पत्ते न बघताच लावायच्या सक्तीच्या चिप्स, एक लहान, एक मोठी) टाकायचे, नाहीतर सगळे नुसते चांगल्या पत्त्यांची वाट बघत बसतील.

कुठला हात कुणापेक्षा मोठा हे आधी मी पाठ करत होतो आणि सारखं विसरत होतो. मग दादा म्हणाला, "पाठ कशाला करतोस, जे कमी वेळा येतं ते मोठं." ५२ पत्त्यांतून पाच पत्त्यांचे २५,९८,९६० हात होतात, त्यात स्ट्रेट (पाच सलग पत्ते) १०,२०० आणि फ्लश (पाचही एकाच चिन्हाचे) ५,१०८, म्हणून फ्लश मोठा. फुल हाउस (तीन एकसारखे आणि दोन एकसारखे) ३,७४४, म्हणून तो फ्लशच्याही वर. एकदा हे कळलं आणि परत कधी गोंधळ झाला नाही.

पण खरी गंमत पुढे आहे. एका डावात मी बटनवर होतो, म्हणजे फ्लॉपनंतर सगळ्यांच्या शेवटी बोलणार (ही जागा सोन्यासारखी असते, बाकीच्यांनी काय केलं ते बघून ठरवता येतं). हातात बदाम नव्वी आणि बदाम सत्ती. फ्लॉपला बदाम राणी, बदाम दुर्री, किलवर राजा. चार बदाम झाले, अजून एक आला की फ्लश! पॉटमधे (मधे जमलेल्या चिप्समधे) ६०, समोर फक्त दादा, त्याने ३० लावले.

मी लगेच कॉल करायला (तेवढेच घालून पुढे जायला) निघालो तर दादा म्हणाला थांब, आज शिकायला बसलोय ना, मोज. एकूण १३ बदाम, चार दिसतायत, राहिले नऊ. न दिसलेले पत्ते ४७. म्हणजे पुढच्याच पत्त्याला बदाम यायची शक्यता साधारण १९ टक्के. आता मला ३० घालायचे आहेत आणि घातल्यावर पॉट होतो १२०, म्हणजे चारातला एक हिस्सा माझा, तर मला निदान २५ टक्के तरी जिंकायला हवं. १९ आणि २५. मी म्हटलं अरे पण दोन पत्ते यायचेत, मिळून ३५ टक्के होतात! तर तो म्हणाला हो, पण टर्नला मी परत बेट लावली तर रिव्हर बघायला तुला परत चिप्स द्याव्या लागतील, ३५ तेव्हाच धर जेव्हा पुढे अजून काही द्यायचं नसेल. हे वाक्य ऐकून मी खरंच गप्प बसलो, कारण इतके दिवस मी नेमकं हेच चुकीचं धरून प्रत्येक फ्लश ड्रॉच्या, म्हणजे एक पत्ता कमी असलेल्या फ्लशच्या, मागे धावत होतो.

तरी त्या वेळी कॉल केला, म्हटलं फ्लश लागला तर पुढे अजून चिप्स मिळतील. हा विचार अगदीच चूक नाही, पण माझ्या हातातला मोठ्यात मोठा बदाम नव्वी, समोर त्याहून मोठा फ्लश असला तर लागूनही हरणार.

टर्नला चौकट चौव्वा आला. पॉट १२०, दादाने ८० लावले. या वेळी मी मनातच केलं, ८० घालून पॉट २८०, म्हणजे साडेअठ्ठावीस टक्क्यांच्या आसपास हवेत, आणि बदाम अजूनही नऊच, ४६ पत्त्यांत, वीसच्या आतच. चारही बदाम समोर चमकत होते, हात सुटत नव्हता अगदी. पण टाकले पत्ते, उलटे करून सरकवले. दादाने काय होतं ते दाखवलं नाही, मीही विचारलं नाही, तो पुढचा डाव पिसायला लागला होता.