वेळापूरचा उतार

खुडूसचं रिंगण आटोपून वेळापूरच्या अलीकडच्या उतारावर आलो की वारकऱ्यांना धरून ठेवणं कठीण. इथूनच तुकोबांना पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, असं सांगतात. म्हणून इथं धावा होतो. मी सोलापूरची, फिजिओथेरपिस्ट. नातेपुत्यापासून दिंडीत चालत होते, आणि त्या उतारावर माझी नजर गुडघ्यांवर होती.

उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात अंगाचं वजन सावरतो. त्याची सगळी ओढ वाटीवरून जाते आणि वाटी मांडीच्या हाडावर दाबली जाते. सपाटीवर निमूट चाललेला गुडघा उतारावर बोलतो तो यामुळं.

"मावशी, तुळस माझ्याकडं द्या. लहान पावलं टाका."

"पोरी, माऊली पळायलीय आन् मी गुडघा सांभाळत बसू व्हय?"

त्या पळाल्या. राहुटीत पाहिलं तर गुडघा सुजलेला, आणि बटव्यात वाटेत कुणीतरी दिलेल्या दुखण्यावरच्या गोळ्या. माझा जीव कासावीस झाला. मावशींना बीपीची गोळी चालू, त्यात दिवसभर पाणी जवळजवळ नाही. अंगात पाणी कमी असताना या गोळ्या मूत्रपिंडाला इजा करू शकतात, बीपीच्या काही औषधांसोबत जास्तच. आणि आडोसा मिळत नाही म्हणून बायका वारीत पाणीच पीत नाहीत!

गोळ्या काढून ठेवल्या, गार पाण्याची घडी ठेवली. सकाळी सूज उतरली होती, पण "चालून वाटी झिजंल का?" हा प्रश्न होता. सांध्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत अस्तराला, रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण वंगणासारख्या द्रवातून होतं आणि तो द्रव हालचालीनं आत-बाहेर होतो. जखडलेला गुडघा थोडं चालल्यावर मोकळा होत असेल तर बेतानं चालावं. नडगीच्या हाडावर एकाच जागी बोट ठेवता येईल अशी, चालेल तशी वाढणारी कळ असेल, किंवा एकच पोटरी सुजून गरम झाली असेल, तर मात्र चोळत बसू नये, थेट डॉक्टर गाठावा. मधुमेह्यांनी तर रोज रात्री तळवे बघावेत, फोड आला तरी त्यांना दुखेलच असं नाही.

भंडीशेगावला मावशी बसल्या जागी पाय सरळ करून मांडी आवळायचा व्यायाम करत होत्या. तुळस सुनेकडं होती. पाणी मात्र त्या प्यायल्या ते मी "आडोशाला सोबत येते" म्हटल्यावरच.