सतराव्या चित्राची सावली

काही वर्षांपूर्वी एका ऐतिहासिक शहरात भरलेल्या दुर्मीळ व जुन्या पुस्तकांच्या जत्रेत मी एक सचित्र प्रवासवर्णन मोठ्या हौसेने विकत घेतले होते, आणि घरी येऊन ते निवांतपणे चाळले तेव्हा शेवटी असायला हवा असलेला घडीचा नकाशा त्यात नाहीच, हे माझ्या लक्षात आले. विक्रेत्याला मी नकाशाबद्दल काही विचारलेच नव्हते, त्यामुळे त्याला दोष देता येत नव्हता, पण ती हुरहुर मनातून गेली नाही. म्हणून यंदा त्याच जत्रेला जायचे ठरले तेव्हा मी आधीपासून तयारी केली.

मला हवे होते ते १८४० च्या दशकात छापलेले दुसरे एक प्रवासवर्णन. मोठ्या ग्रंथालयांच्या सूचींमध्ये जुन्या पुस्तकांची पृष्ठसंख्या, आकार, चित्रे आणि नकाशे यांची नोंद असते. अशाच एका सूचीत या पुस्तकात पोलादी पत्र्यावर कोरून छापलेली चोवीस चित्रे आणि घडीचा एक नकाशा असल्याचे सापडले. ते मी वहीत उतरवून घेतले आणि एक लहान भिंग खिशात टाकले.

सभागृहात शिरल्यावर पहिला तासभर मी एकाही पुस्तकाला हात लावला नाही. एवढी पुस्तके एकाच वेळी समोर आली की नजर भिरभिरते आणि जे घ्यायला आलो तेच राहून जाते, हे मी अनुभवले आहे. म्हणून सगळे स्टॉल एकदा फिरून घेतले, तेव्हा मला हव्या असलेल्या पुस्तकाच्या दोन प्रती दोन वेगवेगळ्या ठिकाणी दिसल्या.

पहिली प्रत चामडी बांधणीची होती, पाठीवर सोनेरी नक्षी होती आणि ती कपाटात अशी उठून दिसत होती की माझे मन तिथेच बसले. विक्रेत्याची परवानगी घेऊन मी ती बाहेर काढली. जुने पुस्तक पाठीच्या वरच्या टोकाला बोट अडकवून ओढू नये, कारण चामडे नेमके तिथेच फाटते. शेजारची दोन पुस्तके किंचित आत ढकलून मधले पुस्तक कडेने धरावे. हातमोजे नव्हते आणि त्यांची गरजही नव्हती, कारण मोज्यांमुळे बोटांना कागदाचा अंदाज येत नाही आणि पान फाटण्याची भीती वाढते. स्वच्छ, कोरडे हात पुरतात.

मग मी फर्मे, म्हणजे मोठा छापील कागद घडी घालून केलेले पानांचे गठ्ठे, मोजायला घेतले. त्या काळच्या इंग्रजी पुस्तकांत प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानाच्या तळाशी रोमन लिपीतले एक अक्षर छापलेले असे, म्हणजे बांधणाऱ्याला क्रम लावता येई. या अक्षरमालेत जे आणि डब्ल्यू नसतात आणि यू व व्ही यांपैकी एकच असते, त्यामुळे आयनंतर एकदम के आले तरी पाने गहाळ झाली असे समजून घाबरू नये. फर्मे सगळे जागेवर होते. त्यानंतर मी चित्रांची यादी काढली आणि प्रत्येक चित्र कोणत्या पानासमोर आहे ते एकेक करून पडताळत गेलो. सोळा चित्रे व्यवस्थित होती. सतरावे ज्या पानासमोर असायला हवे होते तिथे चित्र नव्हते, पण त्या मजकुराच्या पानावर फिकट तपकिरी रंगात एका नदीची, पुलाची आणि डावीकडच्या उंच मनोऱ्याची आकृती उमटली होती.

चित्राची शाई वर्षानुवर्षे समोरच्या पानाला लागून राहिली की तिचा असा उलटा ठसा उमटतो. तो टाळण्यासाठीच चित्रावर पातळ कागद घालत असत. म्हणजे चित्र कधी काळी पुस्तकात होते, आणि भिंग लावल्यावर शिवणीजवळ त्याची कापलेली अरुंद पट्टीही दिसली. अशी चित्रे सुटी काढून चौकटीत लावण्यासाठी विकली जातात आणि पुस्तक कायमचे अपुरे होते, याचे मला मनापासून वाईट वाटते. विक्रेत्याला ते दाखवले तेव्हा तो बराच वेळ त्या पानाकडे पाहत राहिला, मग त्याने पेन्सिल उचलून आतल्या कोऱ्या पानावर तशी नोंद केली. त्याने किंमत कमी करायची तयारी दाखवली, पण मला पूर्ण प्रतच हवी होती. त्याच्या संमतीने मी त्या ठशाचा फोटो घेतला.

दुसरी प्रत दिसायला अगदी साधी होती. मूळ कापडी बांधणी पाठीवर उन्हाने विटलेली, कोपरे दबलेले, आतल्या काही पानांवर तपकिरी ठिपके. कागद मात्र लवचिक होता आणि बोटाखाली मऊ लागत होता. लाकडाच्या लगद्याचा कागद बनवण्याची रीत १८४४ च्या सुमारास निघाली आणि पुढच्या काही दशकांत सर्वत्र पसरली. त्या कागदात राळ आणि तुरटी यांची खळ घातल्याने आम्ल तयार होत राहते आणि पाने पिवळी पडून तुटू लागतात. हे पुस्तक त्याआधीच्या चिंध्यांच्या कागदावर छापलेले असल्यामुळे अजून तग धरून होते.

पुन्हा तीच मोजणी केली. सतरावे चित्र जागेवर होते. फोटोशेजारी ते धरून पाहिले तर ठशात डावीकडे दिसणारा मनोरा इथे उजवीकडे होता, पूल तोच, नदीही तीच. उरलेली सातही मिळाली, आणि शेवटी नकाशा. तो मी विक्रेत्याकडूनच उघडवून घेतला, कारण जुन्या घड्या कोणत्या दिशेने उलगडतात हे सवयीच्या हातांनाच नीट कळते. एका घडीवर बोटभर चीर होती, पण तुकडा कुठलाच गेलेला नव्हता. चिकटपट्टी लावू नका, असे त्याने आपणहून बजावले, आणि पावतीवर चित्रांची संख्या, नकाशा व ती चीर या तिन्हींचा उल्लेख माझ्या विनंतीवरून लिहून दिला.

निघण्यापूर्वी मी पहिल्या स्टॉलवर परत गेलो आणि ते पूर्ण चित्र त्या विक्रेत्यासमोर धरले. त्याने आपली प्रत काढून त्याच पानावर उघडली, आणि आम्ही दोघांनी चित्र व त्याची सावली शेजारी शेजारी ठेवून पाहिली.