"करू का गं?"

"नर्स नाही, डॉक्टर नाही, मग ही बाई कशाला?" आईने काल मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, आणि खरं सांगू, मलाही तेच वाटत होतं.

वहिनीचं बाळंतपण. ती ख्रिश्चन, तिच्या चर्चमधल्या एक आँटी डूला म्हणून, म्हणजे बाळंतपणात धीर द्यायला सोबत बसणारी बाई म्हणून, आल्या होत्या. तपासणं नाही, औषधाला हात नाही. कळ आली की कमरेवर तळहाताने दाबून धरायचं, मधे पाण्याचा घोट, आणि हळू आवाजात स्तोत्र १२१, ते डोंगरांकडे बघणारं, कारण खिडकीतून येऊरचा डोंगर दिसतो म्हणे!

पण प्रार्थनेआधी दरवेळी विचारायच्या, "करू का गं?" एकदा वहिनी वैतागून नको म्हणाली तर चक्क गप्प, नुसता हात धरून बसल्या.

डूला हा शब्द ग्रीक, मूळ अर्थ दासी. बाळंतिणीला तिच्या पसंतीचं माणूस सोबत असावं असं जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१८ मधे सांगितलंय, पण माझ्या वेळी आत मी एकटीच होते आणि "ओरडू नका" एवढंच ऐकलं.

रात्रभर ते "करू का गं" डोक्यातून जात नाहीये. तुम्हाला विचारलं होतं का कोणी?