पुढचा टायर कुणी बघत नाही

२०२३च्या जूनमध्ये, पहिल्याच सरीत, दिघ्याच्या पुढे माझी स्कूटर घसरली. वेग पंचवीसच्या वर नव्हता. पुढची रिक्षा थांबली, मी ब्रेक दाबला आणि झेब्रा क्रॉसिंगच्या पांढऱ्या पट्ट्यावर आलेलं पुढचं चाक सरळ बाजूला निघून गेलं. कोपर सोलवटलं, डबा उघडला, बटाट्याची भाजी रस्त्यावर. मागचा टायर आदल्याच वर्षी बदललेला, याचा राग जास्त आला.

खारेगावहून विटाव्यामार्गे रबाळ्याला, येऊन-जाऊन १८ किलोमीटर. मागचा टायर गोटा होतो म्हणून सगळे तोच बदलतात. पुढच्यावर नक्षी दिसते, म्हणून तो राहतो. कळव्याच्या टायरवाल्यानं माझ्या पुढच्या टायरमध्ये अंगठ्याचं नख दाबून दाखवलं. रुतलंच नाही. "नक्षी आहे हो ताई, पण रबर मेलंय." मग कडेवरचे चार आकडे वाचायला लावले: ०९१८. म्हणजे २०१८ सालचा नववा आठवडा. गाडीसोबत आलेला टायर, पाच वर्षं उन्हात वाळलेला.

मला 'ऑल-सीझन' हवेत म्हटल्यावर तो हसला. त्याचं हसणं बरोबर होतं. थंड देशांत हा शब्द बर्फाच्या हिशोबानं येतो. साधारण ७ अंशांच्या खाली उन्हाळी टायरचं रबर कडक होतं, म्हणून हिवाळी टायर वेगळे आणि हे दोन्हींच्या मधले. ठाण्यात ७ अंश फक्त फ्रीजमध्ये. आपले मोसम दोनच, मे महिन्याचं डांबर आणि पाऊस. त्यामुळे बघायचं ते रबर मऊ आहे का आणि पाणी बाहेर फेकणाऱ्या खाचा खोल आहेत का.

साइज ठरलेलीच, ९०/१०० - १०. रुंदी ९० मिलिमीटर, उंची तिच्या १०० टक्के, म्हणजे तेवढीच, रिम १० इंची. पुढे लिहिलेलं ५३ जे म्हणजे २०६ किलो वजन आणि ताशी १०० किलोमीटर वेग झेपतो. आधी त्यानं २०२०चा माल काढला. "नवीनच आहे, वापरलेला नाही." मी आकड्यांवर बोट ठेवलं. मग आतून १४२३ आले. दोन्ही बसवले, व्हॉल्व्हही नवे, टायरवरचा बाण फिरण्याच्या दिशेला आहे ना ते मी वाकून पाहिलं. ३,२०० रुपये गेले.

नव्या टायरला साच्यातला निसरडा थर असतो, पहिले शंभर-दीडशे किलोमीटर जपून, असं त्यानं बजावलं होतं. मी दुसऱ्याच दिवशी विसरले आणि पंपावर वळताना पाय टेकायची वेळ आली.

हवेचं प्रकरण तर वेगळंच. गाडीच्या पुस्तकात पुढे २२, मागे एकटीला २९ आणि डबलसीट ३६. पंपावरचा मुलगा न विचारता दोन्हीकडे पस्तीस ठोकतो. पुढचं चाक दगड होतं, मग महागडं रबर घेऊन काय उपयोग? आता सकाळी, टायर थंड असताना, मी आकडे सांगून हवा भरते.

पावसात फरक पडला तो असा: आधी चाक न सांगता जायचं, आता किंचित हलून सांगतं, आणि तेवढ्यात ब्रेक सोडता येतो. ओल्या डांबरावर तर मी निर्धास्त असते. पण मेट्रोच्या कामासाठी टाकलेल्या लोखंडी प्लेटा, शेवाळलेले पेव्हर ब्लॉक, पहिल्या सरीनं वर आलेलं तेल, यांच्यापुढे कुठलाच टायर टिकत नाही. विटाव्याच्या पुलाखाली पाणी भरलं की मी सरळ परत फिरते. उन्हाळ्यात तक्रार नाही, फक्त लिटरमागे दोनेक किलोमीटर कमी मिळतात. मऊ रबर झिजतंही लवकर. अकरा हजार किलोमीटरांत मागचा टायर खाचेतल्या झीज दाखवणाऱ्या खुणेच्या पातळीला आलाय. पुढच्यात अजून नख रुततं.

मागचा मृग लागायच्या आत बदलायचाय. काल फोन केला, तर टायरवाला म्हणाला, "ताई, आहे एक, एकदम फ्रेश."

"आधी चार आकडे वाचा," मी म्हटलं. पलीकडे बराच वेळ खुडबूड ऐकू येत होती.