सासूबाईंच्या खापरपणजोबांचे गाव

माझ्या सासूबाईंच्या खापरपणजोबांनी मेंढी चोरली आणि त्यासाठी त्यांना आयर्लंडमधून ऑस्ट्रेलियात हद्दपार केले गेले, अशी कथा त्यांच्या घरात सांगितली जात असे. सासूबाईंच्या लहानपणी तर तीही सांगितली जात नव्हती. पूर्वज कैदी असणे हा तेव्हा घराण्याला डाग मानला जाई आणि ‘ते क्लेअरहून आले’ (क्लेअर हा पश्चिम आयर्लंडमधला एक जिल्हा) एवढ्यावर विषय मिटवला जाई. आता सिडनीत वारे नेमके उलटे वाहते. आपल्याकडे कुणी इनामाची सनद दाखवावी त्या थाटात येथील मंडळी पूर्वजाच्या शिक्षेचा कागद दाखवतात. लग्नानंतर या घरात आलेली मी एक मराठी सून, काळे पाणी म्हटले की अंदमान एवढेच जाणणारी. पण गेल्या मे महिन्यात नवऱ्याबरोबर तो कागद घेऊन क्लेअरला गेले ती मुख्यतः माझ्याच हट्टामुळे.

हट्टाला कारण होते. १७८८ ते १८६८ या काळात सुमारे १,६२,००० कैदी ब्रिटिश सरकारने ऑस्ट्रेलियाला पाठवले, आणि सिडनीला उतरलेल्यांच्या जहाजवार याद्या न्यू साउथ वेल्सच्या राज्य अभिलेखागारात जपलेल्या आहेत. त्या यादीत माणसाचे वय, धर्म, धंदा, उंची, डोळ्यांचा रंग आणि अंगावरचे व्रणसुद्धा नोंदलेले असतात. आमच्या माणसाच्या नोंदीत १८३१ साली क्लेअरमध्ये सात वर्षांची शिक्षा झाल्याचे लिहिले होते, परंतु मेंढीचा उल्लेख नव्हता; गुन्हा होता तो जमाव करून दुसऱ्याची जमीन खणण्याचा. त्याहून मोठा धक्का पुढच्या रकान्यात होता: विवाहित, मुले दोन. सासूबाईंचे घराणे ज्या बाईपासून चालत आले तिचे लग्न सिडनीत १८४० नंतर झाले होते आणि त्या लग्नाच्या नोंदीत नवरा ‘विधुर’ होता. मग क्लेअरमधली ती पहिली बायको कोण, आणि तिचे गाव कोणते? मूळ स्थानाच्या रकान्यात फक्त ‘क्लेअर’ लिहिले होते. म्हणजे एखाद्याने मूळ गाव ‘सातारा जिल्हा’ एवढेच सांगावे, तसे.

डब्लिनला पोचल्यावर पहिली गाठ पडली ती आगीशी. ३० जून १९२२ रोजी, यादवी युद्धाच्या सुरुवातीला, फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारातील सरकारी दप्तरखाना स्फोटात आणि आगीत नष्ट झाला. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्या भागातील जनगणनेचे बहुतेक सगळे कागद त्यात गेले, आणि हद्दपारीच्या १८३६ पूर्वीच्या नोंदवह्याही गेल्या. आयरिश पूर्वज शोधणाऱ्या कुणाशीही बोला, पाचव्या मिनिटाला ही आग निघते. मात्र कैद्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी दयेसाठी केलेले अर्ज डब्लिन किल्ल्यातील वेगळ्या दप्तरात असल्याने वाचले. हद्दपारीच्या अशा शिल्लक कागदांची सूची तयार करून, सूक्ष्मपटांसह (मायक्रोफिल्म), आयर्लंडने १९८८ साली ऑस्ट्रेलियाला तेथील वसाहतीच्या द्विशताब्दीची भेट म्हणून दिली.

बिशप स्ट्रीटवरील राष्ट्रीय अभिलेखागारात आम्ही दीड दिवस बसलो. सूक्ष्मपटाच्या यंत्रावर काळ्या-पांढऱ्या पानांमागून पाने सरकत होती. बहुतेक अर्ज एकाच साच्याचे, कारण अर्ज करणाऱ्याला लिहिता येत नसे आणि लिहिणारा पाद्री किंवा शाळामास्तर ठरीव मायना वापरी. दुसऱ्या दिवशी दुपारी तो अर्ज सापडला. लॉर्ड लेफ्टनंट, म्हणजे आयर्लंडमधील ब्रिटिश राजप्रतिनिधी, मार्क्वेस ऑफ अँगलसी यांच्या चरणी एका बाईची विनंती होती की आपला नवरा दांडगाईने भरीस पाडला गेला, पदरी दोन लेकरे आहेत, धाकटे अंगावर पिते आहे, आणि जमीन तर बिघाभरही नाही. खाली सहीच्या जागी फुली. अर्जाच्या पाठीवर दुसऱ्या, सफाईदार अक्षरात निकाल होता, तोही त्या काळच्या शेकडो अर्जांवर दिसतो तोच: कायदा आपल्या मार्गाने जाऊ द्यावा. नवरा माझ्याशेजारी बराच वेळ काही बोलला नाही. मला मात्र, खरे सांगायचे तर, अर्जाच्या पहिल्या ओळीतल्या गावाच्या नावाची घाई झाली होती.

ते नाव अर्धेच लागत होते. आयर्लंडमध्ये जमिनीचा सर्वांत लहान नोंदलेला तुकडा म्हणजे टाउनलँड. आपल्या वाडीसारखा, पण त्यात वस्ती असलीच पाहिजे असे नाही. देशभर असे साठ हजारांहून अधिक आहेत. त्यांची नावे मुळात आयरिश, आणि लिहिणारे इंग्रजी वळणाचे, त्यामुळे कारकुनाच्या कानावर जे पडले ते कागदावर उतरले. १८२४ साली सुरू झालेल्या मोजणीत सरकारने ती नावे एका ठशाची केली. क्लेअरमध्ये त्या कामासाठी जॉन ओडोनोव्हन आणि युजीन ओकरी हे आयरिश भाषेचे अभ्यासक १८३९ साली गावोगाव हिंडले. आमचा अर्ज त्यापूर्वी आठ वर्षे लिहिलेला. नावाची सुरुवात ‘क्लून’ अशी होती, म्हणजे आयरिशमध्ये ‘क्लुअन’, अर्थात कुरण, आणि क्लेअरमध्ये ‘क्लून’ने सुरू होणारी गावे पैशाला पासरी.

डब्लिनहून लिमेरिकला गाडी बदलून आम्ही क्लेअरचे मुख्य गाव असलेल्या एनिसला आलो. गावाच्या मध्यभागी उंच खांबावर आयरिश कॅथलिकांचे पुढारी डॅनियल ओकॉनेल उभे आहेत. १८२८ सालच्या ज्या पोटनिवडणुकीने त्यांना संसदेच्या दारापर्यंत नेले तिचा निकाल येथील जुन्या न्यायालयात जाहीर झाला आणि त्या जागी हा खांब उभारला गेला. पुढल्याच वर्षी कॅथलिकांना संसदेत बसण्याचा हक्क मिळाला. पण खेड्यातल्या मजुराचे पोट त्याने भरले नाही. नेपोलियनशी चाललेली युद्धे १८१५ साली संपली तसे धान्याचे भाव कोसळले, जमीनदारांना गुरे पाळणे फायद्याचे वाटू लागले आणि मजुराला एका हंगामापुरता बटाट्यासाठी मिळणारा तुकडा गवताखाली जाऊ लागला. १८३१ च्या सुरुवातीला क्लेअरमधील माणसे फावडी घेऊन रात्री, पुढेपुढे तर भरदिवसा, शेकडोंनी कुरणांत शिरली आणि गवत उलथून टाकू लागली. एकदा खणलेल्या रानात गुरे चरत नाहीत. मग मालकाला ते बटाट्याला देण्यावाचून गत्यंतर उरत नसे. या लोकांना ‘टेरी आल्ट’ म्हणत. क्लेअरमधल्याच कोरोफिन गावातल्या त्या नावाच्या एका निरुपद्रवी माणसावर गमतीने सगळा आळ घातला गेला, अशी त्यामागची कथा तेथे सांगतात. सरकारने खास न्यायमंडळ बसवून त्यांचा निकाल लावला. मेंढीची चोरी घरात सांगायला सोपी वाटली असावी. जमावाने जमीन उकरली, हे सांगायला कारणही सांगावे लागते.

कोरोफिनच्या जुन्या चर्चमध्ये क्लेअरचे वारसा केंद्र आहे आणि एनिसला जिल्हा ग्रंथालयाचा स्थानिक अभ्यास विभाग. या दोन ठिकाणच्या माणसांनी तीन दिवसांत आमच्या सहा ‘क्लून’मधले पाच गाळले. बाप्तिस्म्याच्या लॅटिन नोंदींत दोन्ही मुलांची नावे मिळाली. शेवटी उघडले ते ग्रिफिथचे मूल्यमापन, म्हणजे शेतसाऱ्यासारखा स्थानिक कर ठरवण्यासाठी केलेली सगळ्या आयर्लंडची पाहणी. कूळ कोण, मालक कोण, क्षेत्र किती, घराची किंमत किती, सगळे रकान्यांत, अगदी सातबाराच्या उताऱ्यासारखे. क्लेअरचा भाग १८५५ सालचा आहे. आमच्या टाउनलँडमध्ये त्या बाईच्या नावावर एक घर होते, जमीन नाही, वार्षिक मूल्य पाच शिलिंग. मधल्या काळात, १८४५ नंतर, बटाट्याचे पीक बुडून पडलेल्या दुष्काळाने जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २,८६,००० वरून २,१२,००० वर आणली होती. सिडनीत तिचा नवरा ‘विधुर’ होऊन परत लग्न करून मोकळा झाला आणि ही इकडे जिवंत. त्याला दोष देताना माझी जीभ अडखळते, कारण शिक्षा संपली तरी परतीचे भाडे सरकार देत नसे. पण दोष अजिबात न देणेही मला जमले नाही, आणि यावरून आमचे नवराबायकोचे त्या रात्री थोडे वाजले.

त्या टाउनलँडचे पूर्ण नाव येथे देत नाही, कारण तेथे आज एकच कुटुंब राहते. १८४० च्या सुमाराच्या नकाशात दाटीने काढलेली नऊ घरे आहेत. शतकाच्या अखेरच्या नकाशात त्या जागी काहीच नाही. शेताच्या मालकाने आम्हाला आत सोडले आणि वर सुचवले की आत्ता नको, संध्याकाळी आठनंतर या. का, ते ऊन तिरपे झाल्यावर कळले. चुनखडीच्या रचीव भिंतींमधल्या हिरव्या उतारावर सावल्यांच्या समांतर रेघा उमटल्या: बटाट्याचे जुने वरंबे, हातभर अंतराने, थेट भिंतीपर्यंत गेलेले. मधल्या सऱ्यांत गायी बसल्या होत्या.

नवऱ्याने सासूबाईंना फोन लावला. तिकडे पहाटेचे साडेपाच वाजले होते, पण त्या जाग्याच होत्या. मी फोन फिरवून त्यांना उतार दाखवला. त्यांनी बराच वेळ पाहिले आणि विचारले, आता तिथे काय लावतात? मी म्हटले, काही नाही, गवतच आहे.